गोदाच्या नावापुढचा शब्द

४ जून ८८, भैंसा

पाचवा भाग आज संपला. स्टोव्हवर खिचडी, मांडीवर वही. खिचडी खाली लागली, पण भाग संपला. सुट्टीचा हाच उपयोग.

दीर्घकविता (ह्यापुढं दी.क. लिहीन, सारखं सारखं लिहून हात दुखतो) आता चाळीस पानांची झाली. तेलुगू राज्यातल्या ह्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठीतून एवढी लांब कविता कोणी लिहिली असेल तर दाखवा म्हणावं. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण वही माझी आहे, मी करणार.

हे दुकानातून जेवायला आले. करपलेली खिचडी निमूट खाल्ली. मग म्हणतात, "लय लांबली वो तुझी कविता. आता एकर-गुंठ्यात मोजावं लागंल." त्यांना माहीत नाही की दी.क. मोजणीवरच आहे. की माहीत असूनच म्हणाले. ह्या माणसाचं काही कळत नाही.

२० जून

शाळा सुरू. स्टाफरूममध्ये हेडसरांना पहिला भाग वाचायला दिला. त्यांनी चष्मा वर करून खाली करून पाहिलं. "बाई, ह्यात यमक कुठं आहे?"

मी म्हटलं, "साहेबानं नेलं."

त्यांना पटलं नाही. मग सगळी गोष्ट सांगावी लागली. गोदा म्हणजे बाबांची पणजी. राज्य निजामाचं, पण मोजणीवर आलेला साहेब गोरा. पैनगंगेच्या काठानं साखळी टाकत टाकत आला. एक साखळी म्हणजे तेहतीस फूट, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. आमच्या मळ्यात साखळी पसरली तशी गोदा वांग्यांतून उठून आली आणि साखळीवर बसली. दुपारपर्यंत उठली नाही. साहेबानं तिच्या नावापुढं कागदात लिहून ठेवलं, बागी. तेव्हापासून गावात आमचं घर म्हणजे बागीचं घर. आडनाव कोणी घेतच नाही.

हेडसर म्हणाले, "मग हे पोवाड्यात लिहा ना. रणांगण, तलवार."

तेच तर. तलवार नव्हतीच. माझ्या पहिल्या ओळीच त्या आहेत:

साहेब आला तेव्हा बंदूक खांद्यावर होती,
काढली नाही.
त्यानं साखळी काढली.

सरांनी पान उलटलं. मग म्हणाले, दुसरा भाग पण द्या. मी तास विसरून त्यांना वही शोधत बसले, सातवीचा वर्ग दहा मिनिटं मोकळा ओरडत होता.

७ जुलै

नांदेडच्या प्रकाशकांचं पत्र. छापतो म्हणतात. "सातही भाग पूर्ण झाले की पाठवा. आम्ही असं काही अद्याप पाहिलेलं नाही."

पत्र चार वेळा वाचलं. पाचव्या वेळी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. संध्याकाळी तेलाचा डबा घ्यायला आलेल्या एका अनोळखी माणसानं माझं अभिनंदन केलं. मला लाज वाटली नाही. छाती फुगली.

बाबांना पोस्टकार्ड टाकलं. तुमची पणजी पुस्तकात जाऊन राह्यली.

१४ ऑगस्ट, उटनूर

तीन दिवस शिक्षकांचं प्रशिक्षण. सगळं तेलुगूत. मी फक्त चहाच्या वेळेस जागी.

इथल्या शाळेचे मडावी सर आहेत, गोंड, मराठी आपल्यासारखंच बोलतात. जेवणानंतर चिंचेखाली बसलो तेव्हा त्यांना दोन भाग वाचून दाखवले. चांगले ऐकतात. वांग्याच्या ओळीला हसले:

तेहतीस फूट. खुंटी.
तेहतीस फूट. खुंटी.
माझी वांगी त्याच्या हिशेबात आली,
मी आले नाही.

मग म्हणाले, "बाई, तुमची गोदा बसली तरी. साखळी तिच्यापर्यंत आली म्हणून बसली. आमच्याकडं साखळी आलीच नाही. तिकडं डोंगरावर बसून त्यायनं लांबून पाह्यलं आन लिवून टाकलं, जंगल. आमी त्या जंगलात जेवून राह्यलो होतो तवा."

मी म्हटलं, ते वेगळं.

"वेगळंच," ते म्हणाले. "मग तुमचे लोक नांगर घेऊन आले. तेबी लिवता का कवितेत?"

राग आला. चांगलाच आला.

२१ ऑगस्ट, भैंसा

आठवडाभर मडावी सरांवर चिडले आणि आज सहावा भाग त्यांच्यावरूनच लिहिला. नांगरवाले आमचेच आहेत, ते लिहिलं. लिहिताना बरं वाटलं नाही. लिहून झाल्यावर वाटलं. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणतात, "आपल्याच घरावर काऊन दगड मारून राह्यली?" मी म्हटलं, दगड नाही, मोजणी.

१८ सप्टेंबर, माहेर

पोळा होऊन गेला. बैलांच्या शिंगांना अजून रंग आहे. भैंशाहून निघाले तर निर्मल, आदिलाबाद, मग भीमपूरकडची बस, अख्खा दिवस गेला. बाबा फाट्यावर येऊन बसलेले. शहात्तर वर्षांचा माणूस, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, बस हॉर्न वाजवते तेव्हा उठून उभा राहतो. म्हणाले, "आली का माही लिवणारी बाई."

वहिनीनं गरम भाकर आणि वांग्याचं भरीत केलं. गोदाच्याच मळ्यातली वांगी. वहिनी म्हणाली, "कवितेत हे बी टाका, भरीत कोणी केलं ते."

जेवल्यावर बाबांनी वेठीची गोष्ट सांगितली. शंभरदा ऐकली आहे. पण आज लिहून घेतली, सातव्या भागासाठी. ते विशीबाविशीचे होते. साहेबांचा दौरा होता, गावातल्या दर घरातून एक माणूस सामान वाहायला वेठीवर बोलावला. बाबा गेले नाहीत. शिपाई घरी आला. बाबा म्हणाले, आमी सरकारी कागदात बागी आहोत, आमी वेठ करत नाही. शिपाई हसला आणि मुस्कटात मारली. मग चावडीत कोंडलं, तीन दिवस. पण बाबांनी ओझं उचललं नाही ते नाहीच. पुढच्या दौऱ्याला आणखी चार घरं गेली नाहीत. त्यानंतर आमच्या गावात वेठ मागायला कोणी धजलं नाही.

हे सांगताना बाबांचा आवाज अजून चढतो. असा बाप कोणाला असतो?

येताना नक्कल मागून घेतली. त्या मोजणीच्या कागदाची, गोदाच्या नावाची जुनी नक्कल, बाबांनीच तरुणपणी तहसिलीतून काढून आणलेली. तपकिरी कागद, उर्दू, खाली शिक्का. द्यायला जरा का-कू केली. "कायले पायजे?" म्हटलं, प्रकाशकांना दाखवायला. मग दिली, धोतराच्या फडक्यात गुंडाळून.

२ ऑक्टोबर, भैंसा

सातही भाग पाठवले होते, प्र.चं उत्तर आलं. (प्र. म्हणजे प्रकाशक, आता त्यांनाही छोटं केलं.) फार आवडली. दोन मागण्या. एक, त्या जुन्या कागदाचा फोटो काढून पाठवा, मुखपृष्ठावर घेऊ. दोन, शेवटी टीप द्या, "बागी" ह्या शब्दाबद्दल, पाच-सहा ओळी. सगळी कविता त्या एका शब्दावर उभी आहे, वाचकाला तो कागदातून आलाय हे कळलं पाहिजे.

बरोबर आहे. सातही भाग त्याच शब्दावर संपतात. स्टुडिओत जाऊन फोटो काढायला सांगितला. मुखपृष्ठावर गोदा. काय म्हणावं.

९ ऑक्टोबर

नीट लिहिते. जसं झालं तसं.

रविवार म्हणून मी दुकानात ह्यांच्याजवळ बसले होते. मुनशीचाचा साखर घ्यायला आले. चाचा म्हणजे तहसिलीत तीस वर्षं उर्दू दफ्तर सांभाळलेला माणूस, आता रिटायर. ह्यांना राहवलं नाही. गल्ल्याखालून नक्कल काढून काउंटरवर ठेवली. "देखो चाचा, हमारी ससुराल. सरकार का लिख्या हुआ बागी."

चाचांनी कुडत्याला चष्मा पुसला. कागदावर बोट ठेवलं आणि उजवीकडून डावीकडं वाचत गेले. "गोदाबाई, जौजे महादू, कौम माली..." म्हणजे महादूची बायको, जात माळी. मग थोडं पुढं. "बागी."

हे माझ्याकडं बघून हसले. मी पण.

चाचांचं बोट मात्र वरच्या ओळीवर गेलं. मग त्याच्या वरच्या. मग परत खाली. "इनके आगे खुश्की लिख्या है. इनके आगे बी खुश्की. इनके आगे तरी." मग माझ्याकडं पाहिलं, फार मायेनं. "बेटा, ये खाना, ये रकाना, आदमी का नहीं है. जमीन का है. खुश्की मने कोरडवाहू. तरी मने धानाची. बागी मने बाग की जमीन, बागाईत."

मी म्हटलं, "पण बागी म्हणजे..."

"वो बागी अलग, ये बागी अलग. लिखने में दोनो एकीच."

मी हसले. का हसले कोण जाणे. चाचा साखर न घेताच निघाले, हे मागून पुडा घेऊन पळाले.

१० ऑक्टोबर

बागाईत. वांगी, मिरच्या, मोट. एवढंच लिहिलं होतं.

१२ ऑक्टोबर

शाळेत मन नाही. सहावीच्या पोरींना "स्वाभिमान"चा विरुद्धार्थी शब्द विचारला आणि त्यांच्याआधी मीच खिडकीबाहेर बघत बसले.

हे म्हणतात, "कोणाले समजते? तुले, मले आन चाचाले. चाचा तोंड उघडत नाही. फोटो नको म्हणून कळव, टीप चार ओळीची लिही, बागी म्हणजे बंडखोर, झालं."

मी म्हटलं, "म्हणजे खोटं लिहू?"

"खोटं काय त्यात. तुझ्या बापानं तीन दिवस चावडीत काढले ना? ते तर खरं."

भांडलो. दोन दिवस बोलणं फक्त मीठ दे, दार लाव एवढंच. राग त्यांच्यावर नाही हे मला माहीत आहे. माझ्यावर आहे. चार वर्षं त्या कागदावर कविता लिहिली आणि एकदाही कोणाकडून कागद वाचून घेतला नाही. मास्तरीण म्हणे. मुलांना म्हणते, आधी मूळ धडा वाचा, मग गाईड.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे कवितेत एक अक्षर बदलायची गरज नाही. मराठीत पण दोन्ही बागी सारखेच. कोणाला कधीच कळणार नाही. म्हणूनच झोंबतं.

१६ ऑक्टोबर

प्र.ना पत्र लिहिलं, पुस्तक थांबवा. पाकिटात घातलं. शाळेच्या वाटेवरच्या पेटीसमोर उभी राहिले. परत आणलं.

२३ ऑक्टोबर

एक विचार. गोदा साखळीवर बसली नव्हती असं कागद म्हणत नाही. कागद काहीच म्हणत नाही. त्यात ती जमिनीच्या जातीएवढीच आहे. मडावी सर बोलले होते ते आता डोक्यात घुसलं. जंगल लिहिलं की माणसं गेली. बाग लिहिलं की बाई गेली.

आणि असंही असेल की भांडण त्याच शब्दाचं असेल. बागाईत लिहिलं की सारा जास्त. ती म्हणत असेल, नका लिहू बाग, वांग्याचे चार वाफे आहेत. तो म्हणाला असेल, बाग. आणि लिहिलं. मग त्याचाच शब्द आमच्या घरानं उचलून स्वतःला लावला, दुसऱ्या अर्थानं. असेलच असं नाही. पण असेल.

आज चार ओळी झाल्या, सातव्या भागात बसतात:

साहेबानं विचारलं, हे काय आहे?
ती म्हणाली, माझं आहे.
तो रकाने बघू लागला.
माझं लिहायला रकाना नव्हता.

ह्यांना दाखवल्या. म्हणाले, "ह्या चांगल्या हायत. मीठ कुठं आहे?" म्हणजे समेट.

३० ऑक्टोबर

मुनशीचाचांच्या घरी गेले. एकदा शेवटचं विचारून यावं म्हटलं. चाचीनं चहा ठेवला. विचारलं, लिहिणाऱ्यानं चुकून जमिनीच्या खान्यात माणसाबद्दल लिहिलं असेल का? गडबडीत?

चाचा म्हणाले, "बेटा, तीस साल वो खाने पढ्या मैं. उनमे आदमी कब्बी नहीं आया."

मग विचारलं, "घर में पैले किसने पढ्या था ये कागज?"

म्हटलं, बाबांनी. त्यांनीच नक्कल काढून आणली.

"उर्दू आती उनको?"

म्हटलं, हो. चौथीपर्यंत उर्दू शाळेतच होते, तेव्हा दुसरी शाळा कुठं होती. अक्षर चांगलं आहे त्यांचं.

चाचांनी बशी खाली ठेवली. मी घरी येईपर्यंत मला समजलं नव्हतं ते काय विचारत होते. दारात आल्यावर समजलं. चौथी पास माणसाला खुश्की आणि तरी हे शब्द वाचता येतात. वरच्या ओळी वाचता येतात. मग बाबांनी तेव्हा काय वाचलं?

२५ नोव्हेंबर

दिवाळीला माहेरी गेले, पण विचारलं नाही. बाबांनी भावाच्या पोरांना फटाक्यांत तीच गोष्ट सांगितली. बाबांनी ओझं उचललं नाही तिथं पोरं टाळ्या वाजवतात. माझं तोंड उघडलं नाही. शाळेत बोलताना गावभर ऐकू जातं अशी मी.

प्र.ना कळवलं, फोटो देत नाही, कागद जीर्ण आहे. टीप नंतर. अर्धं खोटं झालंच.

२७ जानेवारी ८९, माहेर

काल गावच्या शाळेत झेंडावंदन झाल्यावर माझं वाचन ठेवलं होतं. नाही म्हणवलं नाही. पटांगणात दीडशे माणसं, बायका भिंतीला टेकून, कापूस वेचणी टाकून आलेल्या. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर, नवा धोतरजोडा, फेटा. वहिनीनं बांधून दिला होता.

पहिला, तिसरा आणि सातवा भाग वाचला. यमक नाही, गाणं नाही, आता उठून जातील असं वाटलं. कोणी उठलं नाही. "तेहतीस फूट, खुंटी" दुसऱ्यांदा आलं तेव्हा मागची म्हातारी माणसं माझ्यासोबत म्हणायला लागली. वांग्यांना बायका खदाखदा हसल्या. "माझं लिहायला रकाना नव्हता", तिथं एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अजून बी कुठं हाय." आणि पुन्हा हसू. एवढं हसू मी लिहिलंच नव्हतं. माझ्या कवितेत माझ्या गावानं घातलं.

शेवटी बागी आलं. मी वाचलं. आवाज हलला नाही. सगळ्यांनी बाबांकडं पाहिलं, आणि ते उठून उभे राहिले, हात जोडून, चहूकडं वळून. टाळ्या थांबेनात. मी रडले. अभिमानानंच रडले, दुसरं काही नाही. तो शब्द खरा की खोटा ते त्या वेळेला मनात आलंच नाही, हे पण लिहून ठेवते.

२८ जानेवारी

आज विचारलं.

सकाळी बाबा मळ्यात विहिरीच्या काठावर बसले होते, मिरच्या वेचणाऱ्या बायकांवर आवाजानंच लक्ष ठेवून. मी जवळ बसले. म्हटलं, "बाबा, नक्कल वाचून घेतली मी भैंशाले. मुनशीकडून."

"बरं."

"त्यात बागी म्हणजे बागाईत आहे."

बाबा एका बाईला म्हणाले, हिरव्या नको तोडू वो, लाल पाहून तोड. दिसत नाही तरी. मग म्हणाले, "हाय."

"तुमाले माहीत होतं?"

"चौथी शिकलो ना म्या. वाचता येते मले."

मग सांगितलं. मी लिहून घेतलं नाही, पण आठवतं तसं लिहिते. चावडीतून सुटले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात पायी तहसिलीला गेले. शिपाई हसला होता ना, कागदात बागी म्हटल्यावर. तो कागद आणून गावाला दाखवायचा होता. मार खाल्ला तो ह्याच कागदाच्या जोरावर. लहानपणापासून त्यांच्या आजीनं सांगितलेलं. त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. नक्कल हातात आली आणि तिथंच दाराशी वाचली. वरची ओळ वाचली, खुश्की. खालची वाचली.

"मग काय केलं?"

"काय करतो. पाणी पेलो. घरी आलो."

येताना रस्ताभर ठरवत होते, काय सांगायचं. गावात शिरले तर वेशीवर माणसं थांबलेली. पुढच्या दौऱ्याला जी चार घरं गेली नाहीत ती त्यातच होती, तेव्हा अजून जायचं का नाही ह्याच विचारात. सगळ्यांनी एकच विचारलं, काय लिवलं आहे?

बाबा म्हणाले, "म्या कागद उघडला. आन जे लिवलं होतं तेच वाचून दाखवलं. बागी. एक अक्षर जास्त नाही का कमी नाही. त्यायनं काय आयकलं ते त्यायचं."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. हसत होते. चोपन्न-पंचावन्न वर्षं एकट्यानं पोटात ठेवलेली गोष्ट, आणि माणूस हसतो.

म्हटलं, "तुमच्या आजीले सांगतलं?"

"नाही. तिले कायले."

"मले बी नाही."

"तू लिवत होती ना. म्हटलं, लिवू दे. तुले खरं सापडंल तवा सापडंल." मग हळू आवाजात: "बाई, त्या दिवशी मले बागाईत सांगून घरी जाता आलं नसतं. चार घरं थांबून राह्यली होती."

गोदा बागी होती का, मला माहीत नाही. कोणालाच नाही. पण माझा बाप होता. तीन दिवस कोंडला तेव्हा होता, आणि कागद उघडून वाचला तेव्हा तर जास्तच होता. एवढं मी कोणासमोरही सांगेन.

विचारलं, "मग टीप काय लिहू? पुस्तकात?"

"तू मास्तरीण," म्हणाले, आणि मिरच्यावाल्या बायकांना ओरडायला लागले.

६ फेब्रुवारी, भैंसा

प्र.कडून प्रुफं आली. सगळं नीट. यमकाबद्दल कोणाची तक्रार नाही. शेवटच्या पानावर टीप म्हणून जागा सोडली आहे, सहा ओळींची. सोबत चिठ्ठी: परवापर्यंत पाठवा, छपाई थांबली आहे.

दुपारपासून बसले आहे. बंडखोर लिहिलं तर कागद खोटा. बागाईत लिहिलं तर त्या वेशीवरची माणसं फसवलेली ठरतात, आणि ती फसली नव्हती. दोन्ही लिहिलं तर बाबांची गोष्ट सांगावी लागते, जी त्यांनी मला सांगितली, पुस्तकाला नाही. हे म्हणतात, बाबांनाच विचार. बाबांनी सांगून झालं आहे.

"बागी" लिहून पुढं रेघ दिली. पुढचं लिहायचं आहे.